बॉन्डचा उतारा

वर्षाला दहा टक्के, असं मोबाईलवर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं. केंद्र सरकारात हिरवी शाई फक्त जॉइंट सेक्रेटरी आणि त्यांच्या वरचे लोक वापरतात. एकतीस वर्षं त्या शाईपुढे मान झुकवलेल्या माणसाला हिरव्या अक्षरांवर शंका घेता येत नाही. मी नोव्हेंबरच्या मध्याला एका गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचे पाच लाखांचे बॉन्ड घेऊन टाकले. मुदत सात वर्षं. शंभराच्या बॉन्डला भाव एकशेआठ पडला, हे माझ्या नजरेला आलं होतं. पण एकशेआठ हा जपमाळेचा आकडा, त्यात वाईट काय असणार, असं मी मनाशी म्हटलं.

पैसे आमच्या स्वयंपाकघराचे होते. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत ज्या घरांना नवं मॉड्युलर किचन नाही अशी तीनच घरं उरली होती आणि त्यातलं एक आमचं. चंद्रप्रभाने, म्हणजे माझ्या पत्नीने, चार वर्षं बाजूला टाकत ती रक्कम जमवली होती. तिला मी बॉन्डबद्दल सांगितलं नाही. वर्षाने बॉन्ड विकून व्याजासकट पैसे समोर ठेवून तिला चकित करायचं, असा बेत होता.

आमची मुलगी अक्षता बंगळूरला असते. तिला फोनवर मी हळू आवाजात सांगितलं.

"अच्छा, आणि यील्ड किती, बाबा?"

"दहा टक्के."

"ते कूपन झालं ना. यील्ड?"

ही दोन वेगळी माणसं आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"बाबा, शंभराची चीज तुम्ही एकशेआठला घेतली. मुदत संपल्यावर शंभरच मिळणार. मग वरचे आठ कुठे गेले?"

"कुठे गेले?"

"तेच तर विचारतेय. कॅलक्युलेट करो ना, यार," असं म्हणून तिने मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. दिल्लीत वाढलेल्या मुलांना बापाला यार म्हणताना काही वाटत नाही. दुःख मला आठ रुपयांचं झालं.

इंटरनेटवर सूत्र मिळालं. त्यात जो आकडा शोधायचा तोच आधी ठाऊक असावा लागतो. म्हणजे अंदाजाने एक टक्का धरायचा, उत्तर चुकलं की दुसरा धरायचा, जुळेपर्यंत धरत राहायचं. आमच्या मंत्रालयात धोरणं अशीच ठरतात, पण तिथे मदतीला समिती असते. मी एकट्याने तीन संध्याकाळी बसलो. एकदा साडेआठ आले, एकदा अकरा, एकदा त्रेचाळीस.

"काय खरडताय इतकं?" चंद्रप्रभाने विचारलं.

"ऑफिसचं आहे. जरा हिशोबाचं."

"मग डी ब्लॉकमधल्या गुणवंतरावांकडे जा. ऑडिटमध्ये जन्म गेला त्यांचा. आपल्याच तिकडचे आहेत, अमळनेरचे."

गुणवंतरावांना मी सहा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. चौथ्या मजल्यावर एकटे राहतात, वय त्र्याऐंशी, डोळ्यांनी फार दिसत नाही, इतकंच कानावर होतं. रविवारी सकाळी अकराला निघालो. धूर आणि धुकं मिळून असं काही दाटलं होतं की डी ब्लॉक दुसऱ्या मजल्यापर्यंतच होता. त्याच्यावर नुसतं राखाडी. गेटवरच्या गार्डने विचारलं, "किसके यहाँ, सर?" मी नाव सांगितलं. त्याने रजिस्टर उघडलं होतं ते मिटलं आणि म्हणाला, "जाइए. एंट्री रहने दीजिए."

लिफ्टची जाळी ओढली तेव्हा माझ्या मागे आलेली एक बाई थबकली. मी चारचं बटण दाबलेलं तिने पाहिलं आणि जिन्याकडे वळली.

चौथ्या मजल्यावर मी बेल शोधत होतो तेवढ्यात आतून आवाज आला. "दार उघडंच आहे, या. बूट नवे दिसतात, डावा चावतोय."

डावा खरोखरच चावत होता.

आत पडदे ओढलेले. दिवाणावर एक लांब, वाळका माणूस मफलर गुंडाळून बसला होता, तोंड माझ्याकडे नसून माझ्या जरा बाजूला. खोलीत घड्याळ नव्हतं, टीव्ही नव्हता. सगळ्या भिंतीवर एकच मोठा, कोरा फळा होता, शाळेतला.

"वाचा," ते म्हणाले. मी बॉन्डचा कागद वाचून दाखवला. मी "यील्ड" म्हणताच त्यांनी हात वर केला.

"यील्ड नाही. उतारा म्हणा. आमचे वडील कपाशीचा एकरी उतारा काढायचे, मी शेकडा काढतो. चाळीस वर्षं इंग्रजीत बोलून जीभ झिजली माझी. या घरात मराठी." मग ते बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवू लागले. "दिसतात दहा. सात वर्षांनी आठ बुडणार, म्हणजे सालाला एक आणि वर थोडं. ते दहातून काढा. उरले पावणेनऊच्या वर. आता शंभराने भागू नका. तुमचे शंभर अडकलेले नाहीत, एकशेआठ अडकलेत, आणि शेवटी शंभर होणार. मधला एकशेचार धरा. साडेआठ. बारकाईने केलं तर जरा कमी. दिसतं ते कूपन, हातात पडतं तो उतारा."

चहा उकळायलाही याहून जास्त वेळ लागतो. तीन संध्याकाळी मी जे केलं ते आठवून मला फार अपमानित वाटलं. मी उठायला लागलो.

"बसा. मागचं पान राहिलं."

मागचं पान मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत होतं. अंधारात ते मला वाचता येईना आणि जवळचा चष्मा घरी राहिला होता.

"ठेवून जा कागद. शुक्रवारी फरीदाबादहून नात येते, रुचिता, ती वाचून दाखवील. जन्मतारीख सांगा तुमची."

"माझी? कशाला?"

"मुदत झेपते का ते पाहायला हवं."

त्यांनी उशीखालून एक लांबट वही काढली आणि अंदाजाने पुढे केली. "तुमच्या हाताने लिहा. नाव, घर, जन्म. शेवटचा रकाना कोरा ठेवा. तो नंतर भरायचा."

मी लिहिलं, पद्माकर खांबेटे, घर, जन्म. प्रत्येक ओळ वेगळ्या अक्षरात होती. ज्याने त्याने आपली आपण लिहिलेली. माझ्या वरची ओळ खुरानांची होती. त्यांच्या शेवटच्या रकान्यात, त्यांच्याच वळणदार अक्षरात, नऊ ऑक्टोबर अशी तारीख होती. खुराना आमच्याच ब्लॉकमध्ये राहायचे. गेल्या वर्षी वारले. कधी ते मला आठवेना, पण थंडी नुकती पडू लागली होती एवढं आठवलं.

शुक्रवारी ऑफिसातून आलो तर चंद्रप्रभा विजेच्या बिलाच्या पाठीवर काहीतरी लिहून बसली होती.

"गुणवंतरावांचा फोन होता. तुमचा लागत नव्हता. म्हणाले, शब्दाला शब्द सांगा." तिने वाचायला सुरुवात केली. "खांबेट्यांचा उतारा काढलाय. मुदत लांब दिसते पण ती खरी नाही. चौदा फेब्रुवारीला बोलावणं आहे. येईलच असं नाही, पण वाईटात वाईट धरून चालावं. आणि जे वर दिलंय ते परत मिळत नसतं."

तिने बिल पुन्हा एकदा मनाशी वाचलं.

"कसला उतारा?" तिने विचारलं. "कुणी काय केलंय तुम्हाला?"

उतारा म्हणजे यील्ड, हे मला सांगता आलं असतं. पण मग बॉन्ड सांगावा लागला असता, आणि मग स्वयंपाकघर. शिवाय बोलावणं म्हणजे काय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? बॉन्डला कोण बोलावतं? मी म्हटलं, "म्हातारा माणूस. काहीतरी बोलतो."

दुसऱ्या दिवशी भाजीच्या दुकानात खुरानाभाभी भेटल्या. मी सहज आवाजात विचारलं, भाईसाहेबांना जाऊन किती झालं.

"नौ अक्टूबर को साल हुआ," त्या म्हणाल्या. मटार निवडता निवडता त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आप भी गए थे ऊपर? चौथे पे?"

मी हो म्हटलं.

"भाईसाहब, मैं डराना नहीं चाहती। इनको भी तारीख दी थी। ये हँसते थे। नौ तारीख को लिफ्ट में गए, तीसरे और चौथे के बीच। जब जाली खोली तो खड़े ही थे।" त्यांनी मटाराची पिशवी वजनाला दिली. "आपको कौन सी दी है?"

मी चौदा फेब्रुवारी सांगितली. त्यांनी मनात दिवस मोजले आणि मला मटारांतले अर्धे देऊ केले.

मी केंद्र सरकारचा अवर सचिव आहे. मी घाबरलो नाही. फक्त त्या दुपारी डी ब्लॉकमध्ये जिन्याने गेलो. दाराला कुलूप होतं. फोन बंद होता. गार्ड म्हणाला, "बाबूजी फरीदाबाद गए, आँख का ऑपरेशन है। कब आएँगे, पता नहीं।" मला, खरं सांगायचं तर, जरा बरंही वाटलं. भेटले असते तर विचारणार काय होतो? मी नक्की कशाने जाणार, असं?

डिसेंबरात मी कामाला लागलो. बॉन्डला नॉमिनी लावायचा राहून गेला होता. फॉर्म भरला, उत्तर आलं, सही जुळत नाही. बँकेकडून सही प्रमाणित करून आणा म्हणाले. बँकेत काचेपलीकडच्या पोराने फॉर्म पाहिला.

"एक महीना लगेगा, अंकल."

"चौदा फरवरी से पहले चाहिए."

"वैलेंटाइन पे आंटी को सरप्राइज?" तो हसला आणि त्याने खरंच फॉर्म वरती ठेवला. तरी फॉर्म आणखी दोनदा परत आला. एकदा पत्नीचं नाव आधारवर चंद्रप्रभा आणि पॅनवर चंद्रा प्रभा होतं म्हणून, एकदा माझा फोटो माझ्यासारखा दिसत नव्हता म्हणून. तो फोटो मी स्वतः पाहिला. त्यातला माणूस माझ्याकडे पाहत नव्हता, माझ्या जरा बाजूला पाहत होता.

इकडे चंद्रप्रभाने उताऱ्याचा आपल्यापुरता अर्थ लावून टाकला होता. जानेवारीतल्या एका अमावास्येच्या पहाटे तिने माझ्यावरून दहीभात, लिंबू आणि नारळ ओवाळला आणि सूप माझ्या हातात दिलं. "चौकात ठेवा आणि मागे वळून पाहू नका."

"मी या गोष्टी मानत नाही."

"मानू नका. ठेवा."

माकडटोपी घालून मी निघालो. धुकं इतकं की हातातलं लिंबू मला दिसत नव्हतं. चौक कुठे आला ते कळेना, म्हणून अंदाजाने सूप खाली ठेवलं आणि वळलो. मागे पावलं वाजत होती. मी थांबलो की थांबत, चाललो की चालत. मागे न पाहण्याची अट मी काटेकोर पाळली. इतकी की आमचं गेट ओलांडून मी मेट्रोच्या खांबांपर्यंत जाऊन पोचलो. ती पावलं कुणाची होती ते मला आजही माहीत नाही.

सूप मी चौकात नव्हे, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या गाडीसमोर ठेवलं होतं. आठ वाजेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर एकशे चौदा संदेश होते. कुणीतरी कॅमेऱ्यातलं चित्र टाकलं: धुक्यात एक माकडटोपी, तिला खाली पाय नाहीत. टोपी कुणाची ते कुणी ओळखलं नाही, किंवा ओळखून बोललं नाही. त्या दिवसापासून मी लिफ्टमध्ये शिरलो की आतलं बोलणं थांबायचं.

फेब्रुवारी लागला तसं मला सूर्यकांतची आठवण येऊ लागली. सूर्यकांत माझा थोरला भाऊ, नाशिकला असतो. त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत माझं नाव त्याच्या मेव्हण्याच्या खाली छापलं होतं, तेव्हापासून नऊ वर्षं आम्ही बोललो नव्हतो. मी फोन लावला.

"दादा, मी पद्माकर."

पलीकडचा टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. "कोण गेलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "अजून."

बारा तारखेला सकाळी तो बॅग घेऊन दारात उभा होता. पत्रिकेचा विषय त्याने काढला नाही आणि मीही नाही. तेरा तारखेला संध्याकाळी मी चंद्रप्रभाला समोर बसवून सगळं सांगितलं: बॉन्ड, एकशेआठ, तिच्या स्वयंपाकघराचे पाच लाख चाळीस हजार.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "बँकेचे मेसेज माझ्याच मोबाईलवर येतात. तुम्ही कधी बोलता त्याची वाट पाहत होते."

"रागावली नाहीस?"

"रागावणार होते. पण तुम्ही असे दिसायला लागलात." मग तिने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं, जे लावायची गरज नव्हती.

चौदा तारखेला शनिवार होता, दुसरा शनिवार. बँकांना सुट्टी असते, यमाला असते असं कुठे वाचलेलं नाही. मी धुतलेले कपडे घालून हॉलमधल्या खुर्चीत बसलो. धुकं विरून स्वच्छ ऊन पडलं होतं. दहा वाजता एक घार येऊन गॅलरीच्या कठड्यावर बसली आणि आत पाहू लागली. बाराला तिथेच होती. चारलाही तिथेच.

"उंदीर बघत असेल," सूर्यकांत म्हणाला. पण त्याने आपली खुर्ची उचलून माझ्या आणि गॅलरीच्या मध्ये आणून ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून दिवसभर तिथेच बसला. चंद्रप्रभाने तीनदा चहा केला. साडेपाचला घार उडाली. दिवे लागले. जेवणं झाली. सूर्यकांत माझ्याच खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपला आणि मी श्वास घेतोय ना ते पाहायला दर थोड्या वेळाने माझं नाव घेत राहिला. मी दर वेळी "ओ" दिली.

सोमवारी सकाळी चंद्रप्रभाचा मोबाईल वाजला. तिने मेसेज वाचला, मला दिला. कंपनीने इंग्रजीत कळवलं होतं की ठरल्या कलमानुसार तिने आपले बॉन्ड मुदतीआधीच परत बोलावले आहेत. तारीख चौदा फेब्रुवारी. सुट्टीमुळे पैसे आज जमा. शंभराला शंभर, आणि तीन महिन्यांचं व्याज.

मी जवळचा चष्मा लावला आणि मोबाईलवर मागचं पान उघडलं. मुंगीच्या पायांत सगळं होतं. कंपनीला वाटलं तर ती बॉन्ड बोलावून घेऊ शकते, पहिली तारीख चौदा फेब्रुवारी. म्हणूनच उतारा दोन्ही प्रकारे काढायचा, पूर्ण मुदत धरून आणि बोलावण्याची तारीख धरून, आणि त्यातला जो वाईट तोच आपला समजायचा. गुणवंतरावांनी प्रत्येक शब्द मराठीत सांगितला होता. पाच लाख चाळीस हजार गेले, पाच लाख साडेबारा हजार आले.

मी हसत सुटलो. सूर्यकांतने कागदावर वजाबाकी केली. "साडेसत्तावीस हजार बुडाले आणि हा हसतोय," तो चंद्रप्रभाला म्हणाला, आणि मग आत जाऊन त्याने बराच वेळ नळ सोडून तोंड धुतलं.

गुणवंतराव त्याच आठवड्यात परतले. मी गेलो तेव्हा एका डोळ्याला हिरवी पट्टी होती. मी सगळं सांगून टाकलं, सुपासकट. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत.

"म्हणजे खालचे लोक असं समजतात," ते म्हणाले.

"खुराना..."

"त्यांच्या बॉन्डचं बोलावणं नऊ ऑक्टोबरचं होतं. ते पैसे आले म्हणून मला सांगायला वर येत होते. माझ्याकडेच येत होते." त्यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. "दोन्ही बोलावणी एका दिवशी आली. का, ते मला काढता येत नाही. त्या दिवसापासून माझ्याकडे तुम्ही पहिले आलात. मला वाटायचं लोकांनी बॉन्ड घेणं सोडलं असेल."

मी म्हटलं, "खाली चला. ऊन छान पडलंय."

"मी दीड वर्षात खाली बसलो नाही."

मी त्यांचा हात धरला. लिफ्टमध्ये तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये ते जरा थांबून राहिल्यासारखे उभे होते, कान देऊन. मग खाली आलो.

फेब्रुवारीतल्या दिल्लीत उन्हातल्या बाकासाठी लोक सकाळपासून वर्तमानपत्रं टाकून जागा धरतात. आमच्या बागेतलं मधलं बाक भरलेलं होतं, शेजारच्यावरही चौघं. आम्ही वाटेवर वळलो तसं बोलणं थांबलं. सेक्रेटरी उठले. मग त्यांच्या शेजारचे दोघे. एकीने स्वेटरचं विणकाम पिशवीत घातलं. खुरानाभाभी तेवढ्या क्षणभर थांबल्या, मग त्याही पदर सावरून निघाल्या. आम्ही पोचेपर्यंत दोन्ही बाकं रिकामी होती आणि लाकूड अजून गरम होतं.

मी गुणवंतरावांना मध्ये बसवलं. त्यांनी हात मांडीवर उपडे ठेवले आणि मान जराशी वळवून ऐकलं.

"लोक उठले का?"

"नाही," मी म्हटलं. "ऊन तिकडे सरकलं ना, म्हणून सरकलेत."

त्यांनी मांडीवरचे हात उताणे केले. त्यांच्या हातांवर, पट्टीवर, बाकावर सगळीकडे लख्ख ऊन होतं.

"ऊन तर इथे आहे," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं, आणि डावा बूट काढून त्यांच्या शेजारी नीट टेकून बसलो.